वितळण्यासाठी घडवलेली पट्टी

गाडीतले बहुतेक भाग टिकावेत म्हणून बनवलेले असतात. पिस्टन लाखभर किलोमीटर घासूनही शाबूत राहावा, रबरी नळीनं वर्षानुवर्षं उष्णता आणि तेल सोसावं, नट ढिला पडू नये, यासाठी अभियंते आपली सगळी हुशारी पणाला लावतात. ज्या थोड्या वस्तू मुळात मोडण्यासाठीच घडवल्या जातात, त्यांत सगळ्यात चिमुकली वस्तू म्हणजे फ्यूज. अंगठ्याच्या नखाएवढा रंगीत प्लास्टिकचा तुकडा, खाली पत्र्याचे दोन चपटे पाय आणि त्या दोघांना जोडणारी धातूची बारीक पट्टी. ही पट्टी एक दिवस वितळावी, आणि तेही ठरलेल्या प्रवाहाला, ठरलेल्या वेळात, अशीच तिची योजना असते.

चांगला फ्यूज उजेडासमोर धरून पाहा. प्लास्टिकच्या आत पट्टी वळण घेत जाते आणि एका ठिकाणी मुद्दाम अरुंद होते. विजेच्या प्रवाहाला सर्वांत जास्त विरोध तिथेच होतो, म्हणून उष्णताही तिथेच सर्वांत जास्त तयार होते. ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे जेम्स जूलनं १८४०च्या सुमारास प्रयोगांनी दाखवून दिलं होतं. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट, सहापट झाला की छत्तीसपट. एरवी ही उष्णता पट्टीतून पायांत, पायांतून टर्मिनलमध्ये आणि पुढे वायरीत निघून जाते. जेवढी तयार होते तेवढीच बाहेर पडते, आणि पट्टी वर्षानुवर्षं कोमट राहून काम करते. प्रवाह मर्यादेपलीकडे गेला की हा तोल सुटतो. तापलेल्या धातूचा विरोध वाढतो, त्यामुळे ती आणखी तापते. अशा अनेक फ्यूजची पट्टी जस्ताच्या मिश्रधातूची असते आणि जस्त ४१९ अंश सेल्सिअसला वितळतं. तिथे पोचली की पट्टी तुटते आणि रस्ता बंद होतो.

मला सर्वांत जास्त थक्क करतं ते तिचं वेळेचं भान. फ्यूजवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा दहा टक्के जास्त प्रवाह ती तासन्‌तास सोसते. दुप्पट आला तर साधारण पाच सेकंदांच्या आत तुटते, सहापट आला तर सेकंदाच्या दहाव्या भागातच. हे तारतम्य नसतं, तर हेडलाइट लावताक्षणी फ्यूज उडाला असता. हॅलोजन बल्बची तार थंड असताना तिचा विरोध फार कमी असतो, त्यामुळे पहिल्या काही मिलिसेकंदांत बल्ब नेहमीच्या दहापटीच्या आसपास प्रवाह ओढतो. पण तेवढ्या क्षणात पट्टी वितळण्याइतकी उष्णता साठतच नाही. समईच्या ज्योतीतून बोट झपकन फिरवलं तर भाजत नाही, तसंच हे. रेडिएटरच्या पंख्याच्या मोटरला सुरुवातीला जरा जास्त वेळ जोर लागतो, तेव्हा अशा ठिकाणी संथपणे उडणारे फ्यूज वापरतात. त्यांतल्या काहींत तांब्याच्या पट्टीवर कथलाचा एक ठिपका असतो. तांबं वितळायला १०८५ अंश लागतात, कथील २३२ अंशांनाच पातळ होतं आणि शेजारचं तांबं स्वतःत विरघळवू लागतं. मेटकाफ या संशोधकाच्या नावावरून या करामतीला ‘एम-इफेक्ट’ म्हणतात. एका ठिपक्यानं तांब्यासारख्या चिवट धातूला इतक्या कमी तापमानाला हार मानायला लावावं, याचं मला कौतुक वाटतं.

पट्टी तुटली तरी काम संपत नाही. तुटलेल्या टोकांमधल्या फटीतून ठिणगीच्या रूपानं प्रवाह वाहतच राहू पाहतो. १२ व्होल्टच्या बॅटरीत ही ठिणगी टिकवून धरण्याचा दम नसतो, ती विझते. विजेवर चालणाऱ्या गाडीच्या ४०० व्होल्टच्या बॅटरीत मात्र तो असतो. म्हणून तिथल्या मुख्य फ्यूजमध्ये पट्टीभोवती बारीक शुद्ध वाळू ठासून भरतात. ठिणगीच्या उष्णतेनं वाळू वितळते, वितळताना उष्णता पिऊन टाकते आणि थिजून तिचा काचेसारखा खडा होतो. वाळवंटात वीज कोसळल्यावर जमिनीत जी काचेची नळी सापडते तिला फुलगुराइट म्हणतात, आणि फ्यूजमधल्या या खड्यालाही अभियंते तेच नाव देतात. (त्या गाड्यांमधल्या नारिंगी केबल आणि त्यांचे फ्यूज मात्र प्रशिक्षित माणसांसाठीच. पुढचं सगळं १२ व्होल्टच्या बाजूबद्दल आहे.)

फ्यूज नेमका कुणाला वाचवतो? हॉर्नला? रेडिओला? नाही, वायरीला. गाडीत बॅटरीकडून उपकरणापर्यंत वायर जाते, पण परतीचा प्रवास बहुतेक वेळा गाडीच्या लोखंडी अंगातूनच होतो. अख्खी बॉडी म्हणजे एक प्रचंड वायर. त्यामुळे कुठे आवरण घासून तांबं उघडं पडलं आणि पत्र्याला टेकलं, की बल्ब किंवा मोटर वगळून प्रवाह थेट बॅटरीकडे धावतो, म्हणजेच ‘शॉर्ट’ होतो. स्टार्टर फिरवण्यासाठी शेकडो अँपिअर देऊ शकणारी ती बॅटरी तेवढाच लोंढा एका बारक्या वायरीत सोडू शकते. ब्रिटिश टपाल खात्याचे विद्युत अभियंते विल्यम प्रीस यांनी १८८०च्या दशकात कोणत्या जाडीची तार किती प्रवाहाला वितळते याची मोजमापं केली. त्यांच्या सूत्रानुसार एक मिलिमीटर व्यासाची तांब्याची तार ८० अँपिअरच्या आसपास वितळते. पण गाडीतल्या वायरीचं प्लास्टिक त्याच्या कितीतरी आधी मऊ पडतं, आणि गठ्ठ्यातल्या बाकीच्या वायरींनाही सोबत घेऊन जळतं. म्हणून फ्यूजचा आकडा वायरीच्या जाडीवरून ठरतो. ५५ वॅटचा हेडलाइट साधारण साडेचार अँपिअर घेतो, त्याच्या वाटेवर १० अँपिअरचा फ्यूज पुरतो. पुष्कळ गाड्यांत डाव्या-उजव्या दिव्यांना वेगळे फ्यूज देतात, ते अशासाठी की घाटात रात्री दोन्ही दिवे एकदम जाऊ नयेत.

आता उडालेला फ्यूज शोधायचा कसा? आधी काय काय बंद पडलं ते नीट पाहा. दोनपैकी एकच ब्रेक लाइट गेला असेल तर बहुधा बल्ब गेला. वायपर आणि काचेवरचा पाण्याचा फवारा, किंवा रेडिओ आणि आतला दिवा असे सोबतच बंद पडले असतील, तर त्यांचा समाईक फ्यूज धरा. एक फ्यूज-पेटी डॅशबोर्डखाली चालकाच्या गुडघ्याजवळ असते, दुसरी बहुतेक वेळा बोनेटखाली बॅटरीच्या शेजारी. झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा गाडीच्या पुस्तिकेत तक्ता असतो. चावी बंद करा, तक्त्यातला क्रमांक शोधा, पेटीतच ठेवलेल्या प्लास्टिकच्या चिमट्यानं फ्यूज सरळ वर ओढा. एअरबॅगचे फ्यूज उगाच काढू नका.

न काढताही तपासता येतो. फ्यूजच्या पाठीवर धातूचे दोन बारीक ठिपके उघडे ठेवलेले असतात. चावी चालू करून टेस्ट लॅम्पची क्लिप बॉडीला लावा आणि टोक एकेका ठिपक्याला टेकवा. दोन्हीकडे दिवा लागला तर फ्यूज चांगला, एकाच बाजूला लागला तर उडालेला, कुठेच लागला नाही तर वीजच तिथवर पोचत नाही. पात्याच्या आकाराचा हा फ्यूज लिटलफ्यूज कंपनीनं १९७६ मध्ये आणला, तेव्हापासून हे ठिपके आणि रंग जवळपास सगळ्या गाड्यांत पोचले आहेत. फिका बदामी ५ अँपिअर, लाल १०, निळा १५, पिवळा २०, पारदर्शक २५, हिरवा ३०.

काढलेला फ्यूज फेकायच्या आधी जरूर पाहा, त्यावर दोषाची नोंद असते. पट्टी स्वच्छ तुटून फक्त फट पडली असेल, तर हळूहळू भार वाढला असावा: वायपरची मोटर अडकत होती, किंवा सॉकेटला हवा भरायचा पंप, चार्जर असं बरंच काही जोडलं होतं. आतली खिडकी काळवंडली असेल, धातूचे शिंतोडे उडालेले दिसले, तर तो शॉर्ट आहे. धातूची क्षणात वाफ होऊन ती प्लास्टिकवर जाऊन बसली आहे.

नवा फ्यूज त्याच आकाराचा आणि त्याच रंगाचा घ्या, आणि तो पूर्ण खाली बसेपर्यंत दाबा. अर्धवट बसलेला फ्यूज टर्मिनलशीच तापतो आणि प्लास्टिक वितळवतो, प्रवाह मर्यादेत असला तरी. लाल फ्यूजच्या खाचेत पिवळाही तितक्याच सहज बसतो, ही या रचनेतली एकमेव भीतीदायक गोष्ट. दहाच्या जागी तीस घातला, किंवा उडालेल्या फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली, की साखळीतला सर्वांत कमजोर दुवा वायर होते. पुढच्या वेळी ती वितळते, सीटखाली किंवा डॅशबोर्डमागे, जिथे हात पोचत नाही.

नवा फ्यूजही लगेच उडाला तर दुसरा नवा घालू नका, शॉर्ट शोधा. पावसाळ्यात कोरड्या, उबदार जागेसाठी बोनेटखाली शिरलेले उंदीर वायरी कुरतडतात. दाराच्या बिजागरीत वायर दुमडून दुमडून तुटते. एखादं नाणं सॉकेटमध्ये पडलेलं असतं. यासाठी जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनांची एक सुरेख युक्ती आहे. उडालेल्या फ्यूजच्या दोन खाचांमध्ये इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब जोडायचा. शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो, पण त्याच्यातून पावणेदोन अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह जाऊच शकत नाही, त्यामुळे वायर सुरक्षित राहते. मग एकेक जोडणी सुटी करत जायचं, वायरींचा गठ्ठा हातानं हलवत जायचं. ज्या जागी हात लावताच बल्ब विझेल, तिथेच कुठेतरी तांबं पत्र्याला टेकलेलं आहे.