एक वनस्पती, एक प्रथिन आणि गर्भाचा मेंदू

अमेरिकेतील आयडाहो राज्याच्या मेंढपाळांना विसाव्या शतकाच्या मध्यास एका भयंकर प्रकाराने हैराण केले होते. जन्मणाऱ्या काही कोकरांच्या कपाळाच्या मध्यभागी एकच डोळा असे आणि मेंदूचे दोन गोलार्ध विलग झालेले नसत. माता मात्र धडधाकट. शासकीय संशोधकांनी अनेक वर्षे शोध घेतला, तेव्हा दोष बीजाचा नसून आहाराचा आहे असे ठरले. व्हेराट्रम कॅलिफोर्निकम ही डोंगरी वनस्पती मेंढीने गर्भधारणेच्या चौदाव्या दिवशी खाल्ली, तर ही विकृती उद्भवते. तिच्यातील कारणीभूत अल्कलॉइडला पुढे ‘सायक्लोपामीन’ हे नाव मिळाले.

हे द्रव्य गर्भात नेमके काय बिघडवते, याचा उलगडा व्हायला 1998 साल उजाडावे लागले. आणि तो होण्यास प्रयोगशाळेत तयार केलेले एक प्रथिन उपयोगी पडले.

या प्रथिनाचे नाव ‘सॉनिक हेजहॉग’. हे नाव एका व्हिडिओ गेममधील पात्रावरून पडले आहे. शास्त्रज्ञांच्या विनोदबुद्धीबद्दल अधिक न बोललेले बरे. गर्भाच्या पृष्ठरज्जूतून ते स्रवते आणि वरच्या मज्जानलिकेत पसरते. उगमाजवळ त्याची मात्रा अधिक, दूर जावे तसतशी कमी. पेशी ही मात्राच ‘वाचतात’. मात्रेत दोन-तीन पट फरक पडला की निराळ्या जातीची चेतापेशी निर्माण होते. मात्राभेदाने कार्यभेद ही कल्पना वैद्यांना नवीन नाही. येथे ती पेशीच्या पातळीवर मोजता येते, एवढेच. मेंदूच्या अग्रभागाचे दोन गोलार्ध आणि दोन नेत्र विलग होण्यासही हाच संकेत लागतो. 1996 मध्ये या प्रथिनाचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांच्या गर्भातही एकच डोळा आढळला, तेव्हा आयडाहोच्या कोकरांची आठवण होणे स्वाभाविकच होते.

गर्भातून हे प्रथिन पुरेसे मिळवणे अशक्यप्राय. म्हणून त्याच्या जनुकाचा आवश्यक भाग ई. कोलाय जिवाणूत घालून त्याच्याकडून ते तयार करवून घेतात. यालाच रिकॉम्बिनंट प्रथिन म्हणतात. यात एक अडचण आहे. शरीरात या प्रथिनाच्या एका टोकाला मेदाम्ल व दुसऱ्या टोकाला कोलेस्टेरॉल जोडलेले असते. जिवाणूला ही जोडणी साधत नाही आणि प्रथिन दुबळे राहते. त्यावर उपाय म्हणून आरंभीच्या सिस्टीनच्या जागी आयसोल्युसीनचे दोन घटक बसवतात, त्यामुळे प्रभाव पुष्कळ वाढतो. कुपीवर किती मायक्रोग्रॅम लिहिले आहे एवढ्यावर विसंबून चालत नाही. पेशींवर परिणाम घडवण्याची शक्ती पारखूनच ते वापरावे लागते. औषधी द्रव्याचे वजन आणि वीर्य यांत अंतर असते, हे औषधनिर्मात्यांना सांगायला नको. या कुप्या केवळ संशोधनासाठी असतात, चिकित्सेसाठी नव्हेत.

आता मूळ प्रश्न. सायक्लोपामीनमुळे संकेत निर्माणच होत नाही, की निर्माण होऊनही पोचत नाही? पत्र लिहिलेच गेले नाही, की मिळूनही वाचले गेले नाही? कोंबडीच्या गर्भातील मज्जाऊती वेगळी काढून तिला बाहेरून तयार प्रथिन दिले. ऊतीने अपेक्षेप्रमाणे प्रतिसाद दिला. सोबत सायक्लोपामीन घातले, तेव्हा प्रथिन समोर असूनही प्रतिसाद थांबला. म्हणजे दोष वाचण्यात होता. पेशीच्या आवरणातील ‘स्मूदन्ड’ या प्रथिनाला हे अल्कलॉइड चिकटते, हे 2002 मध्ये सिद्ध झाले.

व्हेराट्रम कॅलिफोर्निकम आपल्या निघंटूंतील नव्हे आणि त्यावरून इतर वनस्पतींवर दोषारोप करणे अन्यायाचे ठरेल. तथापि काळाचा मुद्दा आपल्याला लागू आहे. मनुष्यगर्भात मज्जानलिका गर्भधारणेनंतरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घडते. चरकांनी गर्भिणीला काठोकाठ भरलेल्या तैलपात्राची उपमा दिली, पण या आठवड्यांत आपण गर्भिणी आहोत हे पुष्कळदा त्या स्त्रीलाच ठाऊक नसते. ती दुकानात येऊन पाळी लांबल्याचे सांगते आणि एखादा काढा किंवा गोळ्या मागते. अशा वेळी शेवटच्या पाळीची तारीख विचारणे आणि गर्भ नसल्याची खात्री होईपर्यंत तीक्ष्ण द्रव्ये न देणे, हे विक्रेत्याच्याही हाती आहे.

स्मूदन्डलाच रोखणारे ‘विस्मोडेगिब’ हे औषध 2012 मध्ये अमेरिकेत त्वचेच्या एका कर्करोगासाठी संमत झाले. त्याच्या माहितीपत्रकात गर्भहानीचा इशारा चौकटीत, सर्वांत आधी छापलेला असतो.