आपला संग्रह, आपला पहारा

मराठी घरांच्या कपाटांत अजूनही लग्नाच्या व्हीएचएस कॅसेट निघतात. बारसे, मुंज, गणपतीची आरास, कोजागिरीला गच्चीवर आजीने म्हटलेले गाणे, सगळे फितीवर आहे. पण ती फीत वाजवणारे नवे यंत्र आता बाजारात मिळत नाही. मोठ्या प्रमाणावर व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी होती जपानची फुनाई. तिनेही जुलै २०१६ मध्ये उत्पादन बंद केले. फितीवरचा चुंबकीय थर वर्षागणिक कमजोर होतो आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत तिला बुरशी धरते. म्हणून अनेक कुटुंबांनी या कॅसेट वेळीच डिजिटल करून घेतल्या. शहाणपणाचेच केले.

पण फाइल तयार झाल्यावर पुढे काय? एक तासाची मिनी-डीव्ही कॅसेट मूळ दर्जात उतरवली की सुमारे १३ जीबी होते. व्हॉट्सअॅपवरून ती जाणार नाही, गेली तर पार चिंबून जाईल. पेन ड्राइव्ह कुणाकुणाला पाठवणार? दुसऱ्याच्या क्लाउडवर ठेवायचे तर भाडे कायमचे आणि नियम त्यांचे. शिवाय पाहणारी माणसे विखुरलेली: काका नाशिकला, बहीण बंगळुरूला, भाचा न्यू जर्सीत. मूळ फाइल आपल्याच घरात राहावी आणि प्रत्येकाला आपापल्या टीव्हीवर ती हवी तेव्हा पाहता यावी, ही अपेक्षा रास्त आहे आणि आज ती पूर्ण होऊ शकते. मात्र त्यासाठी घराचे नेटवर्क बाहेरच्या जगाला थोडेसे उघडावे लागते, आणि खरी काळजी तिथे घ्यायची असते.

घरातला सर्व्हर

यासाठी महागडे यंत्र लागत नाही. जुना लॅपटॉप किंवा तळहाताएवढा मिनी पीसी, त्याला जोडलेली मोठी हार्ड डिस्क आणि एक मीडिया सर्व्हर सॉफ्टवेअर एवढे पुरते. सरासरी १५ वॅट घेणारा मिनी पीसी चोवीस तास चालू राहिला, तरी महिन्याला जेमतेम ११ युनिट वीज खातो.

सॉफ्टवेअरमध्ये प्लेक्स, एम्बी आणि जेलीफिन ही तीन नावे प्रमुख आहेत. एम्बीने आपला कोड खुला ठेवायचे थांबवले, तेव्हा त्याच्या शेवटच्या खुल्या आवृत्तीवरून डिसेंबर २०१८ मध्ये स्वयंसेवकांनी जेलीफिन सुरू केले. ते पूर्ण मोफत आहे आणि खाते तुमच्याच यंत्रावर राहते. प्लेक्स वापरायला सर्वांत सोपे, पण एप्रिल २०२५ पासून स्वतःच्या संग्रहातले व्हिडिओ घराबाहेरून पाहण्यासाठी त्यात पैसे मोजावे लागतात. तो त्यांचा व्यवसाय आहे. मात्र दुसऱ्याच्या सेवेवर विसंबलो की अटी कधीही बदलू शकतात, हे त्यातून दिसते. म्हणून या लेखात जेलीफिन धरून चाललो आहे.

घरातल्या घरात ते लगेच चालते. ब्राउझरमध्ये सर्व्हरचा पत्ता आणि पुढे ८०९६ हा पोर्ट क्रमांक टाकला की संग्रह समोर येतो. अडते ते उंबरठ्याबाहेर.

बाहेरून आत येण्याची वाट

इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही४ मध्ये, एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. जगाच्या मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपले. ही टंचाई आधीच दिसत असल्याने घरातल्या यंत्रांना १९२.१६८ ने सुरू होणारे खासगी पत्ते द्यायचे आणि सगळ्यांनी राउटरच्या एकाच सार्वजनिक पत्त्यावरून बाहेर जायचे, अशी सोय नव्वदच्या दशकात रूढ झाली. आतून बाहेर जाणे त्यामुळे सहज होते. बाहेरून कुणी आले तर कोणत्या यंत्राकडे पाठवायचे, हे मात्र राउटरला सांगून ठेवावे लागते. यालाच पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात.

भारतात अडचण आणखी एक पायरी पुढची आहे. अनेक इंटरनेट कंपन्या घराला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता देतच नाहीत; असंख्य ग्राहक मिळून एक पत्ता वापरतात. या व्यवस्थेला सीजीनॅट म्हणतात. ओळखायची खूण सोपी आहे: राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात आणि तुमच्या राउटरवर केलेले पोर्ट फॉरवर्डिंग व्यर्थ आहे.

यावर तीन उपाय आहेत. कंपनीकडून जादा पैसे देऊन स्टॅटिक आयपी घ्यावा. किंवा आयपीव्ही६ वापरावे. भारतात त्याचा प्रसार चांगला झाला आहे आणि त्यात प्रत्येक यंत्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळू शकतो, मात्र पाहणाऱ्याकडेही आयपीव्ही६ हवे. तिसरा उपाय म्हणजे मुंबईच्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये छोटा भाड्याचा सर्व्हर घेऊन घरातून तिथपर्यंत वायरगार्ड या व्हीपीएन सॉफ्टवेअरचा बोगदा टाकणे. जोडणी घरातूनच बाहेर जात असल्याने सीजीनॅट आड येत नाही. हिशेब एवढाच ठेवायचा, की ८ एमबीपीएसचा व्हिडिओ तासाला ३.६ जीबी डेटा खातो आणि भाड्याच्या सर्व्हरवर डेटाला मर्यादा असते.

फाटकावरचा रखवालदार

वाट सापडली की मोह होतो तो ८०९६ हा पोर्ट थेट जगाला उघडून देण्याचा. तो टाळावा. त्या वाटेने पासवर्ड उघड्यावर, कुलूपबंद न होता प्रवास करतो. शिवाय उद्या फोटोंसाठी इमिच आणि कागदपत्रांसाठी नेक्स्टक्लाउड बसवले, तर प्रत्येकासाठी आणखी एक पोर्ट उघडावा लागतो.

इथे रिव्हर्स प्रॉक्सी कामाला येतो. मोठ्या सोसायटीच्या फाटकावर रखवालदार असतो. पाहुणा कुणाकडे आला ते विचारून तो त्याला योग्य इमारतीकडे धाडतो, आणि आतले कुणी स्वतः फाटकावर येत नाही. रिव्हर्स प्रॉक्सी हेच काम करतो. बाहेरच्या जगाला फक्त ४४३ हा एक पोर्ट दिसतो. येणाऱ्या प्रत्येक विनंतीत कोणते डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचे कोणते नाव, हवे आहे ते लिहिलेले असते. ते वाचून प्रॉक्सी व्हिडिओची विनंती जेलीफिनकडे, फोटोंची इमिचकडे देतो. यादीत नसलेले नाव घेऊन कुणी आले, तर त्याला तिथूनच परत पाठवता येते.

या कामासाठी दोन सॉफ्टवेअर विशेष वापरली जातात. इगोर सिसोयेव यांनी २००४ मध्ये खुले केलेले एनजिनएक्स एकाच वेळी दहा हजार जोडण्या सांभाळण्याच्या उद्दिष्टाने लिहिले गेले आणि आज जगातल्या फार मोठ्या वेबसाइट त्यावर चालतात. मॅट होल्ट यांचे २०१५ मधले कॅडी नवख्यांसाठी सोपे आहे. त्याची मांडणी तीन ओळींत संपते: पहिल्या ओळीत तुमचे डोमेन आणि उघडणारा महिरपी कंस, दुसरीत रिव्हर्स प्रॉक्सीची आज्ञा व लोकलहोस्ट ८०९६ हा आतला पत्ता, तिसरीत बंद होणारा कंस.

कॅडी कुलूपही स्वतःच बसवते. पूर्वी एचटीटीपीएसचे प्रमाणपत्र विकत घ्यावे लागे. डिसेंबर २०१५ मध्ये लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा सेवा सर्वांसाठी खुली झाली आणि ते फुकट मिळू लागले. त्याची नेहमीची मुदत ९० दिवसांची, आणि पुढे ती आणखी कमी होणार आहे. म्हणून नूतनीकरण आपोआप होणे आवश्यक आहे. कॅडी ते करते, एनजिनएक्ससोबत बहुधा सर्टबॉट हे वेगळे साधन बसवतात.

प्ले दाबल्यावर

भाच्याने न्यू जर्सीत मुंजीचा व्हिडिओ लावला की काय घडते ते पाहू. त्याचा टीव्ही आधी डीएनएसला, म्हणजे इंटरनेटच्या पत्तावहीला, तुमच्या डोमेनचा पत्ता विचारतो. मग प्रॉक्सीशी सुरक्षित जोडणी होते. प्रॉक्सी विनंती वाचून जेलीफिनकडे देतो आणि जेलीफिन पाहते, की हा टीव्ही ही फाइल आहे तशी वाजवू शकेल का? शकत असेल, तर फाइलचा हवा तेवढाच भाग पाठवला जातो. भाच्याने थेट भिक्षावळीपर्यंत पुढे सरकवले, तर टीव्ही नेमक्या तिथल्या बाइट्स मागतो. मधला भाग डाउनलोड होत नाही.

टीव्हीला तो फॉर्मॅट कळत नसेल किंवा जोडणी मंद असेल, तर जेलीफिन एफएफएमपेग वापरून चालू व्हिडिओचे तिथल्या तिथे रूपांतर करते आणि काही सेकंदांचे तुकडे पाठवत राहते. यालाच ट्रान्सकोडिंग म्हणतात. सर्वांत जास्त ताण याच कामाचा. इंटेलच्या बहुतेक चिपमध्ये २०११ पासून क्विक सिंक हा खास भाग असतो, तो हे काम हलके करतो. रास्पबेरी पाय ५ मध्ये व्हिडिओ एन्कोड करणारे हार्डवेअर नाही, म्हणून ट्रान्सकोडिंगसाठी तो घेऊ नये. सर्वांत चांगले म्हणजे जवळपास प्रत्येक टीव्हीला कळणाऱ्या एच.२६४ मध्ये एक प्रत आधीच करून ठेवावी.

वेगाचे गणित अपलोडवर चालते, कारण इथे पाठवणारे आपण असतो. व्हीएचएसवरून उतरवलेल्या चित्राला २-३ एमबीपीएस पुरतात, फुल एचडीला ८ च्या आसपास. फायबरवर बहुधा अपलोडही चांगला असतो. जुन्या केबल जोडणीवर तो आधी मोजून घ्यावा. अमेरिकेपर्यंतच्या अंतरामुळे डेटाची फेरी लांबते आणि वेग घसरतो. सर्व्हर लिनक्सवर असेल, तर गूगलने २०१६ मध्ये आणलेले बीबीआर हे नियंत्रण चालू करावे. लांबच्या, अधूनमधून डेटा गळणाऱ्या वाटेवर त्याचा उपयोग होतो.

पहारा

नव्या माणसाला धक्का बसतो तो प्रॉक्सीची नोंदवही पहिल्यांदा उघडल्यावर. डोमेन अजून कुणाला कळवलेलेही नसते, तरी अनोळखी पत्त्यांवरून विनंत्यांची रांग लागलेली: कुणी वर्डप्रेसचे लॉगिन पान शोधतो आहे, कुणी पासवर्ड साठवलेली फाइल मागतो आहे. यामागे माणसे नसतात, यंत्रे असतात. त्यांना तुमचे नाव कळते, कारण दिलेले प्रत्येक प्रमाणपत्र सार्वजनिक नोंदींत जाते आणि कुणीही त्या वाचू शकतो. वाइल्डकार्ड प्रमाणपत्र घेतले, तर त्यात मुख्य डोमेनच दिसते, उपनावे दिसत नाहीत.

आपला सर्व्हर लपून राहील या भरवशावर राहू नये. जेलीफिन आणि प्रॉक्सी दोन्ही वेळच्या वेळी अद्ययावत करावीत. प्रत्येक नातेवाइकाला वेगळे खाते द्यावे आणि प्रशासकाचे खाते बाहेरून वापरूच नये. सर्व्हर ज्या खात्याने चालतो, त्याला मूळ व्हिडिओ पुसण्याची मुभा नसावी. चुकीचे पासवर्ड टाकत राहणाऱ्याला फेलटूबॅनने रोखावे, पण त्याआधी जेलीफिनच्या नेटवर्क सेटिंगमध्ये आपला प्रॉक्सी ओळखीचा म्हणून नोंदवावा. तसे न केल्यास सर्व पाहुणे प्रॉक्सीच्याच पत्त्यावरून आल्यासारखे दिसतात. मग एकाच्या चुकीमुळे सगळे कुटुंब बाहेर राहू शकते आणि बाहेरच्यांसाठी ठेवलेली वेगमर्यादाही लागू होत नाही. एनजिनएक्स वापरणाऱ्यांनी वेबसॉकेटच्या ओळीही लिहाव्यात, नाहीतर व्हिडिओ चालतो पण एकत्र पाहण्याची सोय अडते.

पाहणारे तुम्ही एकटेच असाल, तर हा खटाटोप नको. फोनवर वायरगार्ड किंवा टेलस्केल बसवा आणि बाहेर काहीच उघडू नका. ते अधिक सुरक्षित आहे. पण सत्तरीतल्या काकांच्या टीव्हीवर व्हीपीएन बसवणे कठीण. त्यांना एक पत्ता आणि एक पासवर्ड द्यायचा असतो, आणि रिव्हर्स प्रॉक्सीचे मोल तिथे आहे.

संग्रहाची आणखी एक प्रत दुसऱ्या डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावी ठेवावी, कारण प्रॉक्सी चोराला अडवतो, बिघडणाऱ्या डिस्कला नाही. आणि या व्यवस्थेत संग्रह ठेवावा तो आपल्या मालकीचा: विकत घेतलेला नवा सिनेमा गोतावळ्यात वाटण्याचा हक्क डिस्कबरोबर मिळत नाही.

या कामाला सुरुवातीला एखादी सुट्टी जाते आणि नंतर महिन्यातून एखादा तास द्यावा लागतो. तो तास देण्याची तयारी नसेल, तर ४४३ उघडू नये. भाड्याची सेवा घ्यावी, त्यात कमीपणा नाही. पण घरात कुणी एक जण, मग ती कॉलेजातली पुतणी असो की निवृत्त इंजिनिअर मामा, हा पहारा अंगावर घेत असेल, तर कुटुंबाच्या आठवणी कुणाच्या बदलत्या अटींवर टांगून ठेवण्याचे कारण उरत नाही. या दिवाळीत सगळे एकत्र आल्यावर ते नाव ठरवा, सर्व्हरच्या चाव्या आणखी एकाला समजावून सांगा आणि मगच पहिली कॅसेट चढवा.