तीन विसा

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातला शोधनिबंध गडचिरोलीतल्या एखाद्या आजीपर्यंत पोचतो कसा, हे मला बघायचं होतं. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं तो १९९९मध्ये मांडला. ३९ गावांत, गावातल्याच बाईला शिकवून नवजात बाळांची काळजी घरी घेतली, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत नवजातांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. २०११पासून हे काम सरकारी योजनेतून देशभर गावोगावच्या आशाताईंकडे आलं. आरोग्य केंद्राच्या भिंतीवर त्याचं पोस्टर आहे : ‘श्वसनगती’, ‘जंतुसंसर्ग’ वगैरे. त्यासमोर थांबलेलं कुणी मला दिसलं नाही.

एका आशाताईंबरोबर ज्या घरी गेले, तिथं ओव्याच्या धुरीनं डोळे चुरचुरत होते. बाळ सात दिवसांचं. हात धुणं, वजन, ताप, नाळ, सगळं झटपट उरकलं. मग ताईंनी पोटावरचं फडकं सोडलं. एवढ्या लहान बाळाचा श्वास छातीपेक्षा पोटावर दिसतो. मोजायचा तो पूर्ण मिनिटभर. पाव मिनिट मोजून चारनं गुणलं तर फसगत होते, कारण बाळ मध्येच थांबतं आणि मग भराभर श्वास घेतं. आकडा आला ४८. ६० किंवा जास्त आले तर पुन्हा मोजायचं. पुन्हा ६०, तर दवाखाना.

फॉर्म भरून ताईंना निघता आलं असतं. योजनेत सगळ्या भेटींचे मिळून २५० रुपये ठरलेत, आजीला शिकवायचे वेगळे नाहीत. पण आजी म्हणाली, “मले साठ मोजता येत नाही.”

“वीस येते ना? तीन विसा मोज.”

ताईंनी तीन चिंचोके मागवले. वीस श्वास झाले की एक बाजूला. “घड्याळ बघणाऱ्यानं थांब म्हणायच्या आत तिसरा सरकला, तर मले बोलाव.” ‘सर्च’नं निरक्षर सुईणींसाठी केलेलं मण्यांचं साधन असंच होतं : दर दहा श्वासांना एक मणी, आणि मिनिटाच्या वाळूच्या घड्याळातली वाळू संपायच्या आत लाल मणी आला तर न्यूमोनिया. ताईंनी ते कधी पाहिलं नव्हतं.

आजीचे दोन चिंचोके सरकले, तिसरा तसाच राहिला. संशोधन ‘सोप्या भाषेत’ सांगणारे बहुधा अवघड शब्दाच्या जागी सोपा शब्द ठेवून थांबतात. इथं मोजणंच आजीच्या हाती गेलं. ती लगेच शेजारच्या आठ महिन्यांच्या पोराकडे वळली. ते सकाळपासून खोकत होतं.

“थांब, आजी. तीन विसा दोन महिन्यांच्या आतल्याले. याले पन्नासच.”

“मंग त्याच्या किती विसा?”

“अडीच,” ताई म्हणाल्या आणि अर्धा चिंचोका कसा सरकवायचा यावर दोघींचा वाद सुरू झाला.