हडसन उपसागराकाठचे गवत आणि रानहंस

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात, चर्चिल गावाच्या पूर्वेला, ला पेरूझ उपसागराकाठी १९६८ साली फ्रेड कूक यांनी स्नो गूज या पांढऱ्या रानहंसांच्या वसाहतीचा अभ्यास सुरू केला, तेव्हा भरतीच्या पाण्याने भिजणारी तेथील सपाटी पक्सिनेलिया फ्रिगॅनोडिस या बुटक्या, बहुवर्षायू गवताने हिरवी होती. उत्तर अमेरिकेत या गवताच्या पेशींत गुणसूत्रांचे तीन संच असल्याने त्याला बी धरत नाही. जमिनीलगत सरपटणारी धावती खोडे आणि तुटून चिखलात रुजणारे तुकडे यांवरच त्याचा प्रसार चालतो. हिमयुगातील बर्फाचा भार उतरल्यापासून हा किनारा सतत वर उचलला जात आहे, आणि उघड्या पडणाऱ्या नव्या गाळावर आधी वस्ती करणाऱ्या वनस्पतींत हे गवत मोडते.

टोरांटो विद्यापीठाचे रॉबर्ट जेफरीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले की, उन्हाळ्यात हंसांनी पाती खुडली तर हे गवत खुरटण्याऐवजी अधिक वाढते, कारण विष्ठेतील नायट्रोजन मुळांना लवकर मिळतो आणि चरलेल्या जागी माजणारे सायनोबॅक्टेरिया, म्हणजेच नीलहरित शैवाल, हवेतील नायट्रोजन बांधून त्यात भर घालतात. चराई म्हणजे नुकसानच, या समजुतीला छेद देणारा हा निष्कर्ष मांडला जात असतानाच किनारा मात्र उजाड होऊ लागला होता.

त्याचे कारण दूर दक्षिणेला होते. हिवाळ्यात अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावरील दलदलींत राहणारे हे हंस रासायनिक खतांवर पोसलेल्या भात-मक्याच्या शेतांत उतरू लागले, हिवाळी अन्नटंचाई संपली आणि त्यांची संख्या वर्षागणिक वाढत गेली. उत्तरेला परतल्यावर, पाती फुटण्याआधी, ते चोचीने मुळे उकरून खातात. उघड्या गाळातून बाष्पीभवन वाढते, खालचे क्षार वर येतात आणि इतक्या खाऱ्या जमिनीत धावते खोड तग धरत नाही. पाती खुडणे आणि मुळे उकरणे यांतील हा फरकच या इतिहासात निर्णायक ठरला. १९७३ पासूनच्या उपग्रहचित्रांवरून हडसन उपसागराच्या किनाऱ्यावरील सुमारे ३५,००० हेक्टर वनस्पती नष्ट झाल्याचे २००६ मध्ये नोंदवले गेले.

हंसांची संख्या आटोक्यात आणण्यासाठी अमेरिकी काँग्रेसने १९९९ मध्ये खास कायदा केला; मात्र त्याचा सारा रोख शिकार वाढवण्यावर होता आणि हंसांना पोसणाऱ्या शेतीला त्याने हात लावला नाही.