अर्ध्या सेकंदाचा हिशेब

टोकियो ऑलिंपिकमध्ये जुलै २०२१ मध्ये पुरुषांच्या १०० मीटर बॅकस्ट्रोक शर्यतीत बंगळुरूचा श्रीहरी नटराज ५४.३१ सेकंदांची वेळ देऊन प्राथमिक फेरीतच बाद झाला. महिन्यापूर्वी रोममध्ये त्यानेच ५३.७७ सेकंदांची नोंद केली होती. दडपण आले, असे म्हणून आपण मोकळे झालो.

उताणे पोहणाऱ्याला समोरची भिंत दिसत नाही. भिंतीच्या पाच मीटर अलीकडे, डोक्यावर पताकांची माळ असते; ती दिसल्यावर हात किती वेळा मारावयाचे हे अंगवळणी पडावे लागते, आणि ते रोज पाण्यात उतरूनच पडते. आपल्याकडे मात्र मार्च २०२० पासून तलावांना टाळे होते. नाहूरच्या मुलांना जवळचा, मुलुंडच्या कालिदास नाट्यगृहालगतचा तलावही त्यातून सुटला नाही. केंद्राने स्पर्धकांना सरावाची मुभा दिली ती १५ ऑक्टोबरपासून. महाराष्ट्राने त्यासाठी नोव्हेंबर उजाडू दिला. (मद्याची दुकाने मे महिन्यातच उघडली होती.) श्रीहरीचा अर्धा सेकंद टाळेबंदीनेच गिळला, असे म्हणणे धाडसाचे होईल, परंतु त्या महिन्यांचा हिशेब कोणी मागितलाही नाही. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने जून २०२० मध्येच निवृत्तीचा विचार जाहीरपणे बोलून दाखविला होता. टोकियोला तो जाऊ शकला नाही.