कामांबेर: चीज जगभर गेलं, नाव हातून सुटलं

मैत्रिणींनो, शहरातल्या मोठ्या दुकानात गोल डबीतलं ‘कॅमेम्बर्ट’ चीज कुणी पाहिलं असेल. ते मुळात एका गावाचं नाव. फ्रान्सच्या उत्तरेला नॉर्मंडी प्रांतात हे गाव आहे, वस्ती दोनशेच्या आसपास, म्हणजे आपल्याकडची एखादी वाडीच! तिथले लोक नाव उच्चारतात कामांबेर.

चढउताराच्या टेकड्या, चिकणमाती आणि थोडाथोडा पण वर्षभर पडणारा पाऊस. अशा जमिनीत गवत झकास येतं. म्हणून इथे गाई आणि सफरचंदाच्या बागा. झाडांखालीच गाई चरतात. इथली नॉर्मांद गाय पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपक्यांची, दूध दाट. पण दूध टिकत नाही हे तुम्हाला मी काय सांगायचं? त्याचं चीज केलं, की लांबच्या बाजारात नेता येतं.

या भागात चीज आधीपासून होतंच. पण गावाची आठवण सांगते ती मारी आरेल या बाईची. फ्रेंच क्रांतीच्या धामधुमीत, 1791 च्या सुमाराला, लपायला आलेल्या एका धर्मगुरूकडून ती नवी पद्धत शिकली, अशी कथा आहे. कथा कितपत खरी, यावर वाद आहे. मात्र तिच्या लेकीनं, जावयानं आणि नातवंडांनी हा धंदा वाढवला, हे नक्की.

पुढे 1850 च्या दशकात रेल्वे आली आणि माल पॅरिसला लवकर पोचू लागला. 1890 च्या सुमाराला पातळ लाकडाची डबी निघाली. मऊ चीज त्यामुळे दबेना, परदेशीही जाऊ लागलं. साधी डबी, पण धंदा तिनंच पालटला असं मला वाटतं.

मग नक्कल सुरू झाली. कुठेही बनवा आणि कामांबेर म्हणून विका! नॉर्मंडीचे उत्पादक कोर्टात गेले, पण उशीर झाला होता. 1926 मध्ये कोर्टानं सांगितलं, हे आता एका प्रकारच्या चीजचं सर्वसाधारण नाव झालंय, ते कुणीही वापरू शकतं. तुमच्या गटाच्या मसाल्यावर, पापडावर गावाचं नाव असेल, तर इथे जरा थांबा आणि विचार करा.

शेवटी 1983 मध्ये ‘कामांबेर द नॉर्मांदी’ या पूर्ण नावाला कायद्याचं संरक्षण मिळालं. आपल्या कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे ना, त्याच जातीचं. नियम कडक आहेत. दूध नॉर्मंडीतलंच आणि न तापवलेलं, म्हणजे कच्चं. दही पळीनं थराथरानं साच्यात घालायचं, वजन ठेवून दाबायचं नाही, पाणी आपोआप निथळू द्यायचं. निदान 21 दिवस मुरवायचं. नुसतं ‘कामांबेर’ मात्र आजही कुणीही छापू शकतं.