पानाची डावी बाजू पार्टीच्या टेबलावर

‘प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा’ असं सोसायटीच्या ग्रुपवर ठरलं, की दहिसरमधल्या घराघरांत त्याच दोन-तीन कल्पना सुचतात. पनीर चिली, चीज-कॉर्न टोस्ट, नाही तर नाक्यावरून आणलेले समोसे. कोजागरीला गच्चीवर जमलेली मंडळी असोत, भिशीचा गट असो की 31 डिसेंबरची रात्र, टेबलावर एकाच चवीचे चार डबे उघडतात आणि मुख्य जेवणाआधीच पोट जड होतं.

स्टार्टरचं काम भूक मारण्याचं नाही, चाळवण्याचं आहे. हे काम मराठी पानाची डावी बाजू पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहे. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. सगळं आंबट, तिखट, ठसठशीत आणि अगदी थोडं वाढलेलं. स्पेनचे तापास किंवा लेबनॉनचा मेझे यांतही हेच धोरण दिसतं, घास लहान आणि चव ठळक. आपल्याकडे हे पदार्थ पोळी-भाताला तोंडी लावायची सवय आहे. हातात ताटली धरून, गप्पा मारत, उभ्याने खाता येतील असं रूप त्यांना दिलं, की पार्टीचं टेबल बदलून जातं.

पहिला मान खानदेशी भरिताचा. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. खानदेशात ही वांगी कापसाच्या पऱ्हाटीवर भाजतात; दहिसरच्या स्वयंपाकघरात गॅसची आच चालवून घ्यावी लागते, पण वांगं सालीपर्यंत काळं होऊ द्यायला कचरू नये, धुराचा वास तिथूनच येतो. ठेचलेली हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे आणि कांद्याची पात तेलात परतून त्यात वांग्याचा गर मिसळायचा. आता आधार हवा. ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी पातळ थापावी, गरम असतानाच तिचे बोटभर त्रिकोण कापावेत आणि मंद तव्यावर कडक होईपर्यंत शेकावेत. भरीत एका डब्यात, त्रिकोण दुसऱ्या डब्यात. यजमानांच्या घरी पोचल्यावर चमचाभर भरीत त्रिकोणावर ठेवलं की झालं. भरीत थंडच छान लागतं, त्यामुळे गरम करण्यासाठी दुसऱ्याच्या गॅसपाशी ताटकळावं लागत नाही. हा मुद्दा फार मोलाचा आहे. आठ घरांतून आठ पदार्थ आले आणि सगळ्यांनाच कढई हवी असली, तर ज्यांच्याकडे पार्टी आहे त्या घरातल्या माणसाला पाहुण्यांशी चार शब्द बोलायलाही सवड उरत नाही.

दहिसर हे पश्चिम रेल्वेवरचं मुंबई महापालिकेच्या हद्दीतलं शेवटचं स्टेशन. पुढे मीरा रोड, मग वसई, विरार, पालघर. त्या पट्ट्यातून भाजीच्या टोपल्या घेऊन लोकलने येणाऱ्या बायका या उपनगराची खरी श्रीमंती आहेत. पावसाळ्यात त्यांच्याकडे कंटोळी मिळतात. कंटोळ्याच्या पातळ चकत्यांना हळद, तिखट, मीठ आणि तांदळाचं पीठ लावून खरपूस तळलं, तर बटाट्याच्या वेफर्सकडे कोणी वळून पाहत नाही. वसईची सुकेळीही अशीच. राजेळी केळी उन्हात वाळवून केलेला हा पदार्थ चिवट, मधासारखा गोड असतो आणि बहुतेक घरांत नुसताच खाल्ला जातो. त्याचे तुकडे करून प्रत्येकात चीर द्यावी, आत मीठ लावून भाजलेला काजू बसवावा, वर मिरपूड भुरभुरावी आणि टूथपिक टोचावी. ना गॅस, ना तेल, शिवाय चार तास बाहेर राहिलं तरी बिघडत नाही. ऑफिसातून थेट पार्टीला जाणाऱ्यांसाठी यापेक्षा सोयीचा पदार्थ सापडणं कठीण आहे.

दहिसरला खेटून असलेल्या आय. सी. कॉलनीत आणि खाडीपलीकडच्या गोराईत ईस्ट इंडियन समाजाची जुनी वस्ती आहे. त्यांच्या लग्नात फुग्या हव्यातच. मैदा, अंडी आणि नारळाचं दूध यांचं यीस्ट घालून फुगवलेलं सैलसर पीठ मुठीत घ्यायचं, अंगठा आणि तर्जनीमधून त्याचा गोळा दाबून काढायचा आणि तेलात सोडायचा. पूर्वी पीठ फुगवायला ताडी वापरत. रश्श्यात बुडवून खायच्या या फुग्या पार्टीत वेगळ्या रीतीने मांडता येतात. अर्धी कापून आत सुक्या जवळ्याची चटणी भरावी, किंवा ईस्ट इंडियन बॉटल मसाल्यात परतलेली कोलंबी. शाकाहारी मंडळींसाठी त्याच मसाल्यातलं मशरूम. पदार्थ रांधताना शेजारच्या समाजाची ओळख होते, हा फायदा वेगळाच.

पाठारे प्रभूंचं भानोलंही या यादीत हवं. बारीक चिरलेला कोबी, कोलंबी, बेसन आणि मसाला एकत्र करून भाजलेली ही जाड वडी चौकोनी तुकड्यांत कापता येते आणि हाताने खाता येते. मुंबईच्या या जुन्या पदार्थाला मुंबईच्याच पार्ट्यांत जागा मिळू नये, याचं वाईट वाटतं.

पदार्थ कितीही चांगला असला तरी तो पोचला पाहिजे. गरम कोथिंबीर वडी डब्यात भरून लगेच झाकण लावलं, की वाफेचं पाणी होऊन वड्या मऊ पडतात. त्या जाळीवर पूर्ण गार कराव्यात, मगच भराव्यात. ओलं आणि कुरकुरीत एका डब्यात ठेवू नये. थंड पदार्थाची चव जिभेला फिकी लागते, म्हणून जो पदार्थ गार खायचा आहे त्यात मीठ आणि लिंबू किंचित चढं असावं. रस असलेला डबा घट्ट झाकणाचाच हवा. संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये तो सरळ राहील याची खात्री कोणीच देऊ शकत नाही.

सुरक्षिततेचा हिशेब त्याहून महत्त्वाचा. शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ खोलीच्या तापमानाला ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. गरम असेल तर ते 60 अंश सेल्सियसच्या वर, थंड असेल तर 5 अंशांच्या खाली. मुंबईच्या मे महिन्यातल्या उकाड्यात तर दोन तासही वाट पाहू नये. ओलं खोबरं, कोलंबी, अंडी, दही असलेल्या पदार्थांना हे विशेष लागू पडतं. सोलकढीचे छोटे ग्लास पार्टीत रंगत आणतात, पण ती घरून कालवून नेऊ नये. कोकमाचं आगळ एका बाटलीत, बर्फात ठेवलेलं नारळाचं दूध दुसऱ्या बाटलीत. मिसळायचं ते ग्लास भरण्याच्या वेळी.

दहिसर-बोरिवलीत मराठी आणि गुजराती कुटुंबं एकाच मजल्यावर राहतात, त्यांत जैन घरंही बरीच. म्हणून एक तरी डबा कांदा, लसूण आणि बटाट्याशिवायचा असावा. इथे सुरळीची वडी कामी येते. एक वाटी बेसन, एक वाटी आंबट ताक, दोन वाट्या पाणी; गुठळ्या मोडून शिजवायचं आणि गरम असतानाच ताटावर पातळ पसरायचं. आत खोबरं-कोथिंबिरीऐवजी लसूण न घातलेला मिरचीचा ठेचा आणि घट्ट चक्का यांचा हलका थर दिला, तर ओळखीची वडी नवी वाटते. श्रावण, मार्गशीर्षातले गुरुवार आणि संकष्टी यांचाही विचार आधीच करावा. शेंगदाणे, काजू, अंडी किंवा मासळी घातली असेल तर तसं झाकणावर लिहावं. कोणाला कशाची ॲलर्जी आहे, हे चेहऱ्यावरून कळत नाही.

किती न्यायचं? वीस माणसं आणि सात-आठ डबे असतील, तर माणशी दोन घास धरून चाळीस नग पुरतात. दोनशे करण्याच्या नादात हात आखडतो आणि शेवटचे पन्नास कसेबसे वळले जातात. सुरळीची वडी पहिल्या खेपेला ताटाला चिकटण्याची शक्यता असते, तेव्हा ती आधी घरच्यांसाठी करून पाहावी. पार्टी या रविवारी असेल आणि हाताशी वेळ थोडा असेल, तर भरीत आणि कळण्याच्या भाकरीचे त्रिकोण न्यावेत.